कोनदार, भविष्यवेधी शीर्षकाक्षरे : पहिला फॉन्ट घडवताना आणि वापरताना

बाक काढून टाकले आणि कोपरे छाटले की अक्षर आपोआप उद्याचे दिसू लागते, या समजुतीने अनेक नवशिके कोनदार टाइपफेसकडे वळतात. सरळ रेघा काढायला सोप्या असतात आणि वळण साधण्याची कसरत वाचते, त्यामुळे पहिला फॉन्ट म्हणून असे काम हाती घेणे स्वाभाविक आहे. माझ्या मते शिकण्यासाठी ते उत्तमही आहे. फक्त एवढे ध्यानात असावे की बाकदार अक्षरातली लहानशी चूक वळणात विरून जाते, तर सरळ रेघांच्या अक्षरात तीच चूक उघडी पडते. म्हणून या लेखात सगळा भर एका पद्धतीवर दिला आहे : आधी कोपऱ्याचा नियम ठरवावा, तो प्रत्येक अक्षराला लावावा आणि मग जिथे डोळ्याला खटकेल तिथेच, आणि खटकेल तेवढाच, तो मोडावा.

रेखाटण्यापूर्वी काय पाहावे

या वळणाची वाटचाल शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यातले चार-पाच टप्पे तरी डोळ्यांखालून घालावेत. १९१९ मध्ये डच चित्रकार थिओ व्हान डूसबर्ग यांनी चौरसाचे पाच गुणिले पाच असे पंचवीस भाग पाडून संपूर्ण वर्णमाला त्यात बसवली; एकही बाक किंवा तिरकी रेघ न वापरता अक्षरे किती ओळखू येतात आणि कुठे अडखळतात, हे तिथे स्पष्ट दिसते. १९५२ मध्ये इटलीतील नेबिओलो या टाइप फाउंड्रीसाठी अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेसे यांनी मायक्रोग्रामा आणला, ज्यात केवळ कॅपिटल अक्षरे होती. १९६२ मध्ये नोव्हारेसे यांनी त्यालाच स्मॉल अक्षरांची जोड देऊन युरोस्टाइल घडवला. चौरसाकडे झुकणारा रुंद ‘ओ’ पाहताच आपल्याला यंत्र, अवकाश, तंत्रज्ञान आठवते, ते मुख्यतः या दोन फॉन्टांमुळे.

दुसरा प्रवाह यंत्रांसाठी केलेल्या अक्षरांचा आहे. धनादेशाच्या तळाशी चुंबकीय शाईत छापले जाणारे ई-१३बी हे आकडे १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले. त्यांतल्या मधूनच जाड होणाऱ्या रेघा सजावटीसाठी नव्हत्या. वाचकयंत्राला प्रत्येक आकड्याचा वेगळा चुंबकीय संकेत मिळावा म्हणून त्या तशा होत्या. त्या जाडीची नक्कल करत १९७० मध्ये घासून उमटवायची अक्षरे विकणाऱ्या लेट्रासेट या कंपनीने डेटा ७० हा फॉन्ट काढला आणि ‘संगणकी अक्षर’ म्हणून ते वळण रूढ झाले. १९६७ मध्ये डच ग्राफिक डिझायनर विम क्राउवेल यांनी तर कॅथोड किरणांच्या नळीच्या पडद्यावर बाक फाटके दिसतात म्हणून बाक पूर्ण वगळले आणि आडव्या-उभ्या रेघा व ४५ अंशांचे काप एवढ्यावर ‘न्यू अल्फाबेट’ रचला. त्यातली काही अक्षरे ओळखूच येत नाहीत, पण या साऱ्या उदाहरणांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : प्रत्येक कोन कुठल्या तरी अडचणीतून जन्मला होता. आपल्या फॉन्टमधल्या कोनालाही कारण हवे.

शब्द आणि माध्यम आधी ठरवावे

शीर्षकाचा फॉन्ट पोकळीत घडत नाही. तो कशावर, किती मोठा आणि किती शब्दांसाठी लागणार आहे, हे चार ओळींत लिहून काढावे. खेळाच्या पडद्यावरचे मुखपृष्ठ, संगीताच्या कार्यक्रमाचे पोस्टर, उपकरणाच्या अंगावर कोरायचे नाव आणि चित्रफितीचे शीर्षक या चार कामांना चार वेगवेगळ्या जाडीची आणि रुंदीची अक्षरे लागतात. सोबत आठ-दहा शब्द निवडावेत आणि फॉन्ट पूर्ण होईपर्यंत तेच शब्द पुन:पुन्हा लावून पाहावेत.

याच वेळी एक धोका ओळखून ठेवावा. जाड रेघ, उंच अक्षर आणि चारही कोपऱ्यांना सारखा ४५ अंशांचा काप असे मिश्रण केले, की ते अक्षर भविष्यातले न वाटता खेळाडूच्या जर्सीवरचे किंवा लष्करी पेटीवरचे वाटते. भविष्याचा भास निर्माण करणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत : उंचीइतकीच किंवा उंचीहून जास्त रुंदी, सर्वत्र जवळपास एकसारखी मध्यम किंवा बारीक रेघ, चारांऐवजी समोरासमोरच्या दोनच कोपऱ्यांना दिलेला काप, आणि एखादी रेघ जाणीवपूर्वक तोडून ठेवलेली फट. यांतल्या दोन निवडल्या तरी पुरतात. चारही एकदम वापरल्या की अक्षरे आपापसांत भांडू लागतात.

जाळी आणि मापे

फॉन्टफोर्ज हे फॉन्ट घडवण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्सवर चालते. ग्लिफ्स केवळ मॅकवर चालते. फॉन्टलॅब विंडोज व मॅक दोन्हींवर आहे. शिकण्यासाठी यांतले कोणतेही चालेल. कागदावर आलेखवहीत सुरुवात केली तर अधिक बरे, कारण तिथे कोपरा बदलायला खोडरबर लागतो आणि हात थोडा विचार करून चालतो.

फॉन्टमधले प्रत्येक अक्षर एका काल्पनिक चौकटीत बसते आणि तिची उंची साधारणपणे १००० एककांची धरतात. नवशिक्याने २० एककांची जाळी घ्यावी. उदाहरणादाखल ही मापे सोयीची पडतात : कॅपिटल अक्षराची उंची ७००, उभ्या रेघेची जाडी १००, ‘एच’ची एकूण रुंदी ७२०, आणि बाहेरच्या कोपऱ्याचा काप दोन्ही बाजूंना १६०. आडवी रेघ मात्र १०० ठेवू नये. सारख्या जाडीची आडवी आणि उभी रेघ शेजारी ठेवली, तर डोळ्याला आडवी जाड दिसते. म्हणून ती ९० ते ९४ च्या दरम्यान आणावी. जाळीवरून ढळण्याची ही पहिली वेळ आहे आणि ती टाळू नये.

कापाचा कोन निवडताना ४५ अंश हाच एक पर्याय समजू नये. आडव्यात दोन घरे आणि उभ्यात एक घर असा उतार घेतला, तर सुमारे २६.६ अंशांचा कोन मिळतो, त्याचे बिंदू जाळीवरच पडतात आणि पडद्यावरही त्याच्या पायऱ्या नियमित उमटतात. हा उतार वेगाचा भास देतो, तर ४५ अंशांचा काप स्थिर आणि यांत्रिक वाटतो. एकाच फॉन्टमध्ये दोन कोन ठेवायचे असतील, तर एक कोपऱ्यांसाठी आणि दुसरा ‘ए’, ‘व्ही’, ‘एन’ यांसारख्या तिरक्या अक्षरांसाठी, अशी वाटणी करावी. तिसरा कोन आला की शिस्त सुटलीच म्हणून समजावे.

कोपरा : इथेच वेळ घालवावा

या फॉन्टचे सगळे चारित्र्य कोपऱ्यात असते, म्हणून एकच कोपरा घेऊन तो नीट समजून घेऊ. रेघेची जाडी १०० आहे आणि बाहेरचा काप १६०. आतल्या पोकळीच्या कोपऱ्यालाही तोच १६० चा काप द्यावा, असे सहज वाटते. तसे केले तर तिरक्या भागाची जाडी १०० न राहता सुमारे १४१ होते आणि प्रत्येक कोपऱ्यात एक काळा डाग बसतो. शब्द लांबून पाहिला, की अक्षरांऐवजी ते डागच आधी दिसतात.

तिरका भागही १०० जाडीचा हवा असेल, तर आतला काप बाहेरच्यापेक्षा लहान असावा लागतो. ४५ अंशांसाठी हिशोब सोपा आहे : बाहेरच्या कापातून रेघेच्या जाडीचे ०.५९ पट वजा करावे. १६० मधून ५९ गेले की उरतात १०१, म्हणजे आपल्या जाळीवर १००. हाच हिशोब उलटा वाचला तर आणखी एक उपयोगी गोष्ट कळते. बाहेरचा काप ५९ किंवा त्याहून कमी असेल, तर आतला कोपरा कापायचाच नाही, तो काटकोनी ठेवायचा. असा बाहेरून किंचित छाटलेला आणि आतून काटकोनी कोपरा जाड अक्षरांत फार सुंदर दिसतो; आतली पोकळी चौकोनी राहिल्याने अक्षर खणखणीत वाटते.

हे गणित झाल्यावर अक्षर एवढ्याशा आकारात पडद्यावर लावावे आणि डोळे किंचित मिटून पाहावे. कोपरे अजून गडद वाटले तर आतला काप १० एककांनी कमी करावा. फिके वाटले तर वाढवावा. गणिताने आपल्याला दारापर्यंत आणलेले असते, शेवटचे १० एकक डोळ्याचेच.

अणकुचीदार जोडांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘एन’, ‘एम’, ‘डब्ल्यू’ यांत तिरकी रेघ उभ्या रेघेला अरुंद कोनात भिडते आणि तिथे काळोख साचतो. तिरकी रेघ जोडाकडे ८ ते १० एककांनी बारीक करत न्यावी, किंवा जोडाच्या आत एक अरुंद खाच ठेवावी. छपाईत शाई पसरून जोड बुजू नये म्हणून लहान आकाराच्या छपाईच्या अक्षरांत अशा खाचा ठेवतात. कोनदार शीर्षकाक्षरात त्या खाचा दिसू दिल्या तरी शोभतात, कारण त्या याच वळणाच्या भाषेत बोलतात.

टोकाच्या उंचीबद्दलही एक सूचना. ‘ए’चे शिखर खरोखर टोकदार ठेवले, तर ते ७०० वर थांबवूनही आखूड दिसते, ते १० ते १५ एकके वर जाऊ द्यावे. माथा सपाट आणि रुंद असेल तर याची गरज नाही. काप मोठा असल्यामुळे ‘ओ’चा माथा अगदी आखूड उरला असेल, तर त्यालाही ४-५ एककांचा उठाव द्यावा लागतो.

अक्षरे कोणत्या क्रमाने काढावीत

आधी ‘एच’ आणि ‘ओ’ पक्के करावेत. ‘एच’मध्ये रेघेची जाडी, रुंदी आणि मधल्या आडव्या रेघेची जागा ठरते, ती गणिती मध्यापेक्षा १० एकके वर ठेवली तरच मध्यावर वाटते. ‘ओ’मध्ये कोपरा ठरतो. या दोघांतून ‘डी’, ‘सी’, ‘जी’, ‘क्यू’, ‘ई’, ‘एफ’, ‘एल’, ‘टी’, ‘यू’ ही अक्षरे जवळपास जुळणीने निघतात, त्यामुळे त्यांवर फार रेंगाळू नये.

खरी परीक्षा ओळख पटवण्याची आहे. बाक गेल्यामुळे अक्षरांमधले फरक कमी होतात आणि ‘डी’, ‘ओ’ व शून्य एकसारखे दिसू लागतात. ‘डी’च्या डाव्या बाजूचे दोन्ही कोपरे काटकोनी ठेवावेत, ‘ओ’चे कापावेत आणि शून्य अरुंद करून त्यात तिरकी रेघ द्यावी. ‘एस’ आणि इंग्रजी पाच यांच्यात फरक राखायला पाचाचा वरचा डावा कोपरा काटकोनी ठेवावा आणि ‘एस’चा मधला भाग आडवा न ठेवता तिरका करावा. ‘झेड’मध्ये तिरकी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावी, इंग्रजी दोनचा मात्र वरचा उजवा कोपरा कापावा. ‘बी’ आणि आठ, ‘जी’ आणि सहा, ‘यू’ आणि ‘व्ही’ याही जोड्या शेजारी ठेवून तपासाव्यात.

‘ए’ची आडवी रेघ काढून टाकण्याचा मोह प्रत्येकाला होतो. अमेरिकी अवकाशसंस्था नासाच्या १९७५ च्या बोधचिन्हात दोन्ही ‘ए’ आडव्या रेघेशिवाय आहेत आणि ते चिन्ह देखणे आहे. पण तिथे चारच अक्षरे आहेत आणि तो शब्द आधीपासून ओळखीचा आहे. अनोळखी नावात असा ‘ए’ वाचकाला थांबवतो. म्हणून मूळ ‘ए’ रेघेसह काढावा आणि रेघेविना असलेला पर्यायी आकार म्हणून फॉन्टच्या शैलीसंचात (स्टायलिस्टिक सेट) ठेवावा, म्हणजे वापरणाऱ्याला हवा तेव्हा तो घेता येतो. तीन सुट्या आडव्या रेघांचा ‘ई’ही तिथेच शोभतो.

स्मॉल अक्षरे पहिल्या प्रयत्नात काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या जागी कॅपिटलचेच आकार ठेवले तरी शीर्षकाचे काम भागते. तो वेळ आकडे, विरामचिन्हे आणि जोडरेघ यांना द्यावा; विशेषतः जोडरेघ कॅपिटल अक्षरांच्या मध्यावर आणावी, नाहीतर ती खाली घसरलेली दिसते.

देवनागरी कोनदार करताना

देवनागरीचे कोनदार रूप म्हणजे रोमन अक्षरांवर शिरोरेखा चढवणे नव्हे. इथे अक्षर शिरोरेखेला टांगलेले असते, वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार व जोडाक्षरे येतात, त्यामुळे रोमनमध्ये सुखाने मावणारी १०० ची जाडी ‘राष्ट्र’, ‘कृत्रिम’, ‘उद्ध्वस्त’ अशा शब्दांत पोकळ्या बुजवून टाकते. जाडी १० ते १५ टक्क्यांनी कमी करून सुरुवात करावी. इंडियन टाइप फाउंड्रीचे राजधानी आणि टेको हे दोन फॉन्ट चौकोनी घडणीचे आहेत, दोघांत देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत आणि दोन्ही खुल्या परवान्यावर मिळतात. ते फॉन्ट संपादकात उघडून बाक कुठे सपाट केला आहे आणि कुठे राखला आहे, हे बिंदू मोजत पाहावे. कुठल्याही वर्गापेक्षा त्यातून जास्त कळते.

सुरुवात ‘प’, ‘न’, ‘व’, ‘र’, ‘क’ या अक्षरांनी करावी. ‘प’मधून दंड, शिरोरेखा आणि पोकळी यांचे प्रमाण ठरते. ‘व’मधून रोमन ‘ओ’चा कोपरा देवनागरीत कसा उतरतो ते कळते. ‘र’ सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याच्या तिरक्या पायाचा उतार पुढे ‘स’ आणि ‘ख’मध्ये जसाच्या तसा यावा लागतो. या उतारासाठी आपण निवडलेला दुसरा कोन वापरता आला तर दोन्ही लिप्या एका घरातल्या दिसतात.

‘न’, ‘म’, ‘ग’, ‘भ’ यांतल्या गाठीचे काय करायचे, हा निर्णय एकदाच घ्यावा. गाठ भरीव चौकोन होऊ शकते, छाटलेल्या कोपऱ्याचा ठोकळा होऊ शकते किंवा पोकळ घर राहू शकते. शीर्षकाच्या आकारात पोकळ घर छान दिसते, पण आकार थोडा कमी होताच ते बुजते आणि चार अक्षरांपैकी दोन बुजलेली, दोन उघडी असे चित्र तयार होते. मला भरीव ठोकळाच पसंत आहे. ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’ या गोल अक्षरांत ‘ठ’ सरळ अष्टकोन होतो. ‘ढ’च्या आतला आकडा त्यापासून दूर राहील एवढी फट मात्र काळजीपूर्वक राखावी.

घोटाळ्याच्या जोड्या इथेही आहेत, आणि त्या रोमनपेक्षा नाजूक आहेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांचा फरक बराचसा शिरोरेखेतल्या खंडावर उभा आहे. तो खंड रेघेच्या जाडीएवढा तरी रुंद असावा. भविष्यवेधी दिसावे म्हणून शिरोरेखा पूर्ण काढून टाकणाऱ्यांनी आधी या चार अक्षरांचे दुसरे वेगळेपण शोधावे. ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’, तसेच ‘ख’ आणि ‘रव’ यांनाही शेजारी बसवून पाहावे.

शिरोरेखा सलग ठेवायची असेल, तर प्रत्येक अक्षराच्या दोन्ही कडांपलीकडे ती ५ ते १० एकके पुढे न्यावी, म्हणजे पुढच्या अक्षराच्या रेघेवर ती किंचित चढते. काटेकोर कडेवर थांबवली, तर पडद्यावर अक्षरांच्या सांध्यात केसाएवढी पांढरी फट दिसते. वेलांटीचा माथाही सपाट करून दोन काप द्यावेत, आणि तिची किमान दोन-तीन रुंदीची रूपे करावीत, कारण ‘कि’वर बसणारी वेलांटी ‘क्ति’वर आखूड पडते.

मराठीसाठी म्हणून काही आकार न विसरता करावे लागतात : ‘ळ’, ‘ॲ’, ‘ऑ’, ‘दऱ्या’ आणि ‘ऱ्हास’मधला अर्धा ‘ऱ’, शिवाय ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी टाइप केल्यावर दोन वेगळी रूपे उमटली नाहीत, तर फॉन्ट मराठीसाठी तयार झालेला नाही. जोडाक्षरे आणि चिन्हांच्या जागा फॉन्टच्या फाइलमध्ये लिहिलेल्या ओपनटाइपच्या नियमांनी जुळतात. हा भाग वेळखाऊ आहे, म्हणून पहिल्या आवृत्तीत आपल्या निवडक शब्दांना लागणारी जोडाक्षरे आधी पूर्ण करावीत आणि बाकीची अर्धी अक्षरे जोडून चालवावीत.

अक्षरांमधली मोकळी जागा

अक्षर सुंदर आणि शब्द विस्कळीत, असे या प्रकारात वारंवार दिसते. ‘एच’च्या दोन्ही बाजूंना ७० ते ८० एककांची मोकळी जागा देऊन ‘एचएचओएचओओ’ अशी माळ लावावी आणि अंतरे एकसारखी वाटेपर्यंत ‘ओ’च्या बाजूची मोकळी जागा बदलावी. कोपरे कापलेल्या ‘ओ’च्या बाजूला थोडी कमी जागा लागते, कारण प्रत्येक कापाशी एक पांढरा त्रिकोण आधीच असतो. मग ‘एलटी’, ‘टीए’, ‘एव्ही’ अशा जोड्यांचे कर्निंग करावे, म्हणजे त्या-त्या जोडीपुरते अंतर कमी-जास्त करावे. मूळ जागाच चुकलेली असताना कर्निंगने डागडुजी करू नये. तीस-चाळीस जोड्यांच्या पुढे यादी जाऊ लागली, तर परत अक्षरांच्या बाजूंच्या मोकळ्या जागेकडे वळावे.

फाइल तयार करणे

निर्यातीपूर्वी एकावर एक आलेले आकार एकत्र करावेत, उघडे राहिलेले आकार बंद करावेत, एकाच जागी पडलेले दोन बिंदू काढावेत आणि सर्व बिंदू पूर्णांकांवर आणावेत. संगणकासाठी ओटीएफ किंवा टीटीएफ आणि वेबसाठी डब्ल्यूओएफएफ-२ हे स्वरूप पुरते. फॉन्ट सर्वांसाठी खुला करायचा असेल, तर एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स हा परवाना प्रचलित आहे. त्याखालील फॉन्ट वापरता, बदलता आणि वाटता येतो, पण फॉन्ट सुटा विकता येत नाही.

वापरताना

हे अक्षर मोठ्या आकारासाठी आणि मोजक्या शब्दांसाठी असते. एक किंवा दोन ओळी, पाच-सहा शब्द, एवढी मर्यादा पाळावी. खालचा मजकूर शांत, मोकळ्या पोकळीच्या साध्या फॉन्टमध्ये लावावा. शीर्षक कोनदार आणि मजकूरही चौकोनी, अशी जोडी लावली की शीर्षकाचे वेगळेपणच संपते. सूचनाफलक, औषधांची माहिती, अर्ज यांसारख्या ठिकाणी जिथे एक अक्षर चुकीचे वाचले तर नुकसान होते, तिथे हा फॉन्ट लावूच नये.

रोमन कॅपिटल अक्षरांमध्ये अंतर वाढवले तर हे वळण खुलते. देवनागरीत मात्र तीच सेटिंग लावली की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. देवनागरी शीर्षकाला श्वास द्यायचा असेल, तर शब्दांमधली आणि ओळींमधली जागा वाढवावी.

अक्षर आडवे ताणू नये. ताणल्यावर उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि ४५ अंशांचा काप ४५ चा उरत नाही; ज्या नियमावर फॉन्ट उभा आहे तोच मोडतो. सॉफ्टवेअरने खोटे तिरके केल्यावरही असेच होते : एका बाजूचे काप उभट होतात आणि दुसऱ्या बाजूचे लोळतात. तिरके रूप हवे असेल, तर ते वेगळे काढावे.

बाह्यरेषा किंवा चमक देताना रेघेच्या सांध्याची सेटिंग तपासावी. सांधा गोल ठेवला की सगळे कोपरे मऊ पडतात, म्हणून टोकदार सांधा निवडावा. एसव्हीजी या वेबवरच्या रेखाचित्रांच्या फाइल-स्वरूपात टोकदार सांध्याची मर्यादा मुळात ४ असते, त्यामुळे सुमारे २९ अंशांपेक्षा अरुंद कोन आपोआप छाटले जातात. ‘एन’ किंवा ‘डब्ल्यू’ची टोके अचानक बोथट दिसू लागली, तर ही मर्यादा वाढवावी.

वेबपानावर किंवा समाजमाध्यमांवर वेगळेपणासाठी ‘ए’च्या जागी ग्रीक लॅम्डा आणि ‘ई’च्या जागी ग्रीक क्साय टाइप करण्याची पद्धत पडली आहे. ती टाळावी. दिसायला ते जुळते, पण शोधयंत्राला तो शब्द सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकांचे वाचनसाधन तो चुकीचा उच्चारते. मजकूर खऱ्या अक्षरांतच टाइप करावा आणि बदललेला आकार शैलीसंचातून चालू करावा.

धातूच्या पत्र्यातून किंवा व्हिनाइलमधून अक्षरे कापून घ्यायची असतील, तर काम पाठवण्यापूर्वी दोन तपासण्या कराव्यात. अतिशय अणकुचीदार टोके व्हिनाइल सोलताना उचलली जातात, म्हणून अशा टोकांवर एक-दोन मिलिमीटरचा सपाट काप द्यावा. आणि पत्र्यातून अक्षराच्या आकाराचे भोक पाडायचे असेल, तर ‘ओ’, ‘ठ’, ‘व’ यांच्या बंद पोकळ्या गळून पडतात. त्यांना बाहेरच्या पत्र्याशी जोडणारे पूल ठेवावे लागतात. हे पूल आपल्या कापाच्याच कोनात आणि सर्व अक्षरांत एकाच जाडीचे काढावेत, आणि किमान जाडी किती चालेल हे कापणाऱ्या कारागिराला विचारूनच ती ठरवावी.